प्रमिलाबाई आणि उमरझिऱ्याची वॉटर स्कूटर

वॉटर स्कूटरची सीट उचलली आणि प्रमिलाबाईंनी तोंड बाजूला फिरवलं. आतून पेट्रोलचा वास आला. जुना, शिळा वास नव्हे. नुकतंच कुणी सांडून गेल्यासारखा, डोळ्यांत जाणारा.

समोर अनुज उभा होता. एका हातात मोबाइल धरलेला, दुसऱ्या हाताचं बोट स्टार्टच्या हिरव्या बटनावर टेकलेलं. चार महिन्यांनी मशीनचा पहिला आवाज त्याला रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवायचा होता.

"बोट काढा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"अक्का, पाचच सेकंद. बॅटरी मी सकाळीच जोडून ठेवलीय."

"बोट काढा आधी."

त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण अनुजने हात मागे घेतला. प्रमिलाबाईंनी बटनाशेजारची लाल दोरी ओढून काढली आणि स्वतःच्या मनगटात अडकवली. ही दोरी चालवणाऱ्याच्या हाताला बांधायची असते. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी जागेवर नसेल तर बटन दाबूनही काही होत नाही.

"वास येतोय का तुम्हाला?"

अनुजने वाकून हुंगलं. "थोडा येतोय."

"पेट्रोलची वाफ जड असते. वर येत नाही, तळाशी बसून राहते. झाकण लावलेल्या डब्यासारखं आहे हे. तुम्ही बटन दाबलं असतं तर आत एक ठिणगी पुरली असती."

अनुजने मोबाइल खिशात ठेवला.

प्रमिलाबाई एरंडोलच्या. वय एक्कावन्न. बसस्टँडच्या मागच्या बोळात त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं, प्रेमराजभाऊंचं, पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर नाव प्रेमराजभाऊंचं आहे, आणि विहिरीवर जाऊन मोटर वर काढून आणण्याचं काम तेच करतात. पण मोटर टेबलावर आली की ती प्रमिलाबाईंची. जळालेली तार उकलणं, नवी गुंडाळणं, बेअरिंग बसवणं, सगळं त्या करतात. गावात त्यांना मोटरवाल्या अक्का म्हणतात. नवं गिऱ्हाईक दुकानात शिरून प्रेमराजभाऊंना अडचण सांगू लागलं की ते बोटाने आतल्या टेबलाकडे दाखवतात.

माहेर धुळ्याचं. तिथे मामांचं स्कूटर गॅरेज होतं आणि शाळा सुटल्यावर त्या तिथेच असत. एकोणीस वर्षांच्या असताना त्या परातीत पेट्रोल घेऊन कार्बुरेटर धूत होत्या. कुणीतरी शेजारचा दिवा लावला आणि भडका उडाला. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तीन आठवडे दवाखान्यात काढले. त्या हाताची कातडी आजही गुळगुळीत आणि ताणलेली आहे. उन्हाळ्यात तिथे घाम येत नाही. पेट्रोलच्या बाबतीत त्या मुळातच सावध असतील असं म्हणता येत नाही. त्या दिवसापासून सावध झाल्या.

उमरझिरा धरण एरंडोलहून अर्ध्या तासावर. तिथलं नौकाविहार केंद्र अनुज चालवतो. त्याचे आजोबा मांगीलालशेठ यांचं गावात पाईपांचं मोठं दुकान आहे, पण अनुजचा जीव दुकानात रमला नाही. त्याने धरणावर दोन वल्ह्याच्या होड्या, एक मोटरबोट आणि कुठून तरी वापरलेली वॉटर स्कूटर आणली. पहिल्याच मोसमात तिच्या इंजिनात पाणी गेलं. जळगावच्या दोन मेकॅनिकांनी हात वर केले, तेव्हा प्रेमराजभाऊ म्हणाले, "आमच्या घरी दाखवून बघा."

प्रमिलाबाईंनी मशीनच्या पोटाखाली आडवं होऊन पाहिलं आणि त्यांना हसू आलं. खालून पाणी ओढायचं, इम्पेलरने, म्हणजे आतल्या पात्यांच्या चक्राने, दाबायचं आणि मागून जोरात फेकायचं, म्हणजे ती पुढे पळते. हा तर पंप. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? इंजिन खोलून, पुसून, सात दिवसांत त्यांनी ती चालू केली. तेव्हापासून ती त्यांच्याच हाताखाली आहे. मात्र त्या तिच्यावर कधी बसल्या नव्हत्या. त्यांना पोहता येत नाही. नदीत गुडघ्यापर्यंत पाणी आलं की त्या परत फिरतात.

हिवाळ्यात उमरझिऱ्यावर लांबून पक्षी येतात. म्हणून दिवाळीनंतर होळीपर्यंत तिथे बोटी बंद ठेवतात, आणि वॉटर स्कूटर ट्रॉलीवर चढवून पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवतात. यंदा होळी झाली, पक्षी गेले. शनिवारी केंद्र उघडायचं ठरलं. चालवणारा भूपेंद्र शनिवारी सकाळी धुळ्याहून येणार होता. हा गुरुवार होता.

बॅटरीची तार काढण्याचीही त्यांनी घाई केली नाही, कारण तार सोडतानाही ठिणगी उडते. आधी अनुजला आणि सोबत आलेल्या प्रेमराजभाऊंना ट्रॉली शेडबाहेर ओढायला लावली. सीट, पुढचं झाकण, सगळं उघडं टाकलं. अर्ध्या तासाने वास गेल्यावर बॅटरी काढून दूर लिंबाखाली ठेवली आणि मग टॉर्च लावून आत पाहिलं. उंदराने घर केलं होतं. पोत्याचे धागे, कापूस, ज्वारीची फोलपटं. आणि टाकीतून इंजिनकडे जाणारा रबरी पाईप एका जागी कुरतडलेला.

"एवढासाच आहे," अनुज म्हणाला. "टेप गुंडाळली तर?"

"टेप पेट्रोलने सुटते."

"दुकानात आपलेच पाईप आहेत, हवा तेवढा आणतो."

"तो शेताचा पाईप आहे, अनुजभाऊ. पेट्रोलने फुगतो. गाडीच्या पार्टच्या दुकानातून पेट्रोलचाच आणा. दोन हात लांब. आणि चार नव्या क्लिपा."

अनुजने घड्याळ पाहिलं. शनिवारच्या नोंदी भरल्या होत्या, रविवारी धुळ्याहून चाळीस माणसं यायची होती. मोटरबोटीचं इंजिन अजून जळगावला दुरुस्तीत होतं. होड्या काठावर उपड्या पडल्या होत्या, त्यांच्या सांध्यांना कालच डांबर लावलेलं. त्याच्याकडे दाखवण्यासारखी ही एकच मशीन होती.

"उद्यापर्यंत होईल ना?"

"तयार झाली की होईल."

तो चरफडत मोटरसायकलवर बसून गेला.

तो गेल्यावर रुपली आली. रुपली आणि तिचा नवरा चैत्राम धरणाच्या काठावरच झोपडीत राहतात आणि मासेमारी करतात. थर्माकोलचे मोठे ठोकळे जाळ्यात बांधून, खाली टायरच्या दोन ट्यूब लावून त्यांनी तराफा केला आहे. रुपली प्रमिलाबाईंसाठी पाण्याची कळशी घेऊन आली होती.

"अक्का, आज बठ्ठं जाळं काढनं पडी," ती म्हणाली. शेठ म्हणजे अनुज; सगळं जाळं आजच काढायला त्याने सांगितलं होतं. "शेठनी सांगं शे. परवा गाड्या चालतीन, जाळं तुटी जाई."

प्रमिलाबाईंनी पाण्याकडे पाहिलं. सकाळी काचेसारखं असलेलं पाणी आता मधोमध काळसर दिसत होतं. वारा पश्चिमेकडून उठला होता.

"सकाळे काढा. वारा शे."

"सकाळे बाजार शे ना. काढीसन लगेच येतस."

रुपली गेली. थोड्या वेळाने दोघांचा तराफा काठापासून लांब जाताना दिसला.

अनुज दीड वाजता परत आला. पाईप बरोबर आणला होता. प्रमिलाबाईंनी जुना काढला, नवा बसवला, क्लिपा आवळल्या. शिळं पेट्रोल आधीच नळीने काढून घेतलं होतं. मग प्लग काढून, बॅटरी आणि दोरी तेवढ्यापुरत्या जोडून इंजिन नुसतं फिरवलं. गंजू नये म्हणून दिवाळीत आत मारून ठेवलेलं तेल प्लगच्या भोकांतून फवाऱ्यासारखं बाहेर आलं आणि प्रेमराजभाऊंच्या सदऱ्यावर उडालं. प्रमिलाबाईंनी बॅटरी आणि दोरी पुन्हा काढली. नवं पेट्रोल ओतलं.

टाकी अर्धी भरली तेव्हा त्यांना खाली टपकल्याचा आवाज आला.

टाकीकडची क्लिप. त्यांनी हात घालून चाचपलं. बोटं ओली झाली. क्लिप दोन आटे कसली, टपकणं थांबलं. तोवर पाव लिटर तरी तळाशी सांडलं होतं. त्या कापडाने पुसू लागल्या. पिळलेलं कापड त्या दूर वाळूत टाकत होत्या, तेवढ्यात चैत्रामची आरोळी ऐकू आली.

सुरुवातीला कुणालाच कळलं नाही. वाऱ्यात शब्द मोडत होते. मग प्रेमराजभाऊंनी हात कपाळावर धरून पाहिलं.

"तराफा उलटना," ते म्हणाले.

काठापासून जवळपास अर्धा किलोमीटर आत, लाटांत पांढरे ठोकळे उपडे दिसत होते. त्यांना धरलेलं एक डोकं. त्याच्यापासून थोड्या अंतरावर दुसरं डोकं, वर येत होतं आणि खाली जात होतं.

"रुपलीला पोहता येतं," अनुज म्हणाला. "तिला चांगलं पोहता येतं."

"जाळं पायात गेलं असेल," प्रमिलाबाई म्हणाल्या.

अनुजने मदतीसाठी फोन लावला. पलीकडून पत्ता विचारत होते. तो धरणाचं नाव तीनदा ओरडून सांगत होता. गाडी निघते म्हणाले, पण गाडी येणार रस्त्याने, आणि रुपली पाण्यात होती. होड्या उलथ्या, डांबर ओलं, आणि समोरून वारा. वल्हवत जायला अर्धा तास लागला असता. अनुज धावत मशीनजवळ आला.

"चालू करा अक्का. चला, चालू करा."

प्रमिलाबाईंनी आत नाक घातलं. वास होता.

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं नाहीयेत."

"आत वाफ आहे. आता बॅटरी जोडली तर मशीनही जाईल आणि आपणही जाऊ. मग तिच्याकडे कोण जाणार?"

"अक्का, ती बुडतेय."

"दिसतंय मला." त्या यजमानांकडे वळल्या. "अहो, ट्रॉलीचं तोंड उचला. वर. अजून वर. दगड लावा खाली."

प्रेमराजभाऊंनी आणि अनुजने मिळून पुढची बाजू उचलली. प्रमिलाबाई मागे गेल्या. मशीनच्या मागच्या अंगाला, तळाशी, पाणी निथळायची दोन भोकं असतात. बुचं त्यांनी सकाळीच काढून ठेवली होती. वाफ जड, उतार मिळाला की पाण्यासारखीच खाली वाहणार. त्यांनी शेडमधली ताडपत्री प्रेमराजभाऊंच्या हातात दिली आणि वारा घालायला सांगितलं. स्वतः पुढे येऊन प्लग बसवू लागल्या.

तीन प्लग. पहिला हाताने नीट आटा धरेपर्यंत फिरवायचा, मगच पाना लावायचा. वाकडा बसला तर आटे जातात आणि सगळं तिथेच संपतं. डाव्या हाताच्या बोटांना तेल लागलं होतं, प्लग निसटला आणि इंजिनखाली गेला. त्यांनी तो दोन बोटांनी चाचपून वर काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. अनुज मागून म्हणत होता, "खाली गेली. वर आली. खाली गेली." त्यांनी मान वर केली नाही. दुसरा. तिसरा. प्लगच्या टोप्या खटकन बसल्या.

पुन्हा नाक घातलं. थोडा वास होता.

"अजून घाला वारा."

अनुजने बॅटरी उचलून आणली होती. तो ती आत बसवायलाच निघाला तसे प्रेमराजभाऊ ताडपत्री टाकून मध्ये उभे राहिले. ते शांत स्वभावाचे गृहस्थ; कुणाच्या अंगावर हात टाकलेला कुणी पाहिलेला नाही. त्यांनी अनुजच्या छातीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ती सांगेल तेव्हा."

अनुजच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी सांगितलं होतं त्यांना जाळं काढायला," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून गेले ते."

वाऱ्याचा एक जोरदार झोत आला, शेडचा पत्रा वाजला, आणि तो झोत उघड्या झाकणातून शिरून मागच्या भोकांतून निघून गेला. प्रमिलाबाईंनी तिसऱ्यांदा वाकून श्वास घेतला. सावकाश, छाती भरून. तेलाचा वास. रबराचा वास. बस.

"आणा बॅटरी."

लाल तार, मग काळी. सीट. मागे जाऊन दोन्ही बुचं हाताने घट्ट फिरवली. ती राहिली असती तर वाटेतच पाणी भरायला लागलं असतं. ट्रॉली तिघांनी मिळून उतारावर लोटली. मशीन पाण्यात तरंगली.

अनुज पुढे बसला. त्याला चालवता येत होतं. प्रमिलाबाईंनी शेडच्या खिळ्यावरची दोन लाइफ जॅकेटं काढली, एक त्याच्याकडे फेकलं, दुसरं स्वतः घालू लागल्या.

प्रेमराजभाऊंनी त्यांचा हात धरला. "तुले पवता येत नही."

"माले माहीत शे."

"मंग?"

"तिच्यामा जाळं गये तं मशीन बंद पडी. त्यास्ले समजाव नही." त्यांनी अनुजकडे मान केली आणि पदर खोचून लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, म्हणजे खाली काही लोंबू नये. तार सोलायची आखूड सुरी टूलबॉक्समधून काढून कमरेला लावली. "तुम्ही अठेच थांबा."

त्या मागे बसल्या. लाल दोरी अजून त्यांच्याच मनगटात होती. अनुजने मागे हात केला.

"ही माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या, दुसरं टोक पुढे वाकून जागेवर बसवलं. "बंद कधी करायचं ते मी ठरवणार."

अनुजने बटन दाबलं. इंजिन फिरलं, पकडलं नाही. पुन्हा दाबलं. खोकला आल्यासारखं झालं आणि थांबलं. प्रमिलाबाईंना कळत होतं. नव्या पाईपात पेट्रोल अजून पोचत होतं. "पुन्हा," त्या म्हणाल्या. तिसऱ्या वेळी पकडलं. मागून पांढरा धूर आणि पाण्याचा झोत निघाला, आणि काठ मागे पडला.

पुढचं एक मिनिट त्यांना नीट आठवत नाही. लाटांवर मशीन आपटत होती, दर आपटीला दात एकमेकांवर बसत होते. त्यांनी अनुजच्या जॅकेटचे पट्टे दोन्ही हातांनी धरले होते आणि डोळे मिटले होते. खाली किती पाणी आहे हा विचार मनात येऊ नये म्हणून त्या इंजिनाचा आवाज ऐकत राहिल्या. तिन्ही सिलिंडर सारखे वाजत होते. एवढं त्यांना पुरलं.

डोळे उघडले तेव्हा चैत्राम उपड्या तराफ्याला धरून हात हलवत होता.

"जाळामा येऊ नका," तो ओरडत होता. "तिले धरा पहिले. माले काही नही व्हयनं."

रुपली पलीकडे वीस-पंचवीस हातांवर होती. तिचं तोंड तेवढं पाण्याबाहेर होतं, तेही मधूनमधून. तिच्याभोवती पाण्यावर जाळ्याची वरची कड धरणारे छोटे पांढरे तरंगे ओळीने हलत होते. अनुजने तोंड सरळ तिच्याकडे वळवलं.

"वरून फिरवा," प्रमिलाबाई त्याच्या कानात ओरडल्या. "वाऱ्याच्या बाजूने. वारा आपल्याला तिच्यावर नेईल."

त्याने वळसा घातला. मग रुपली बुडाली. तिचा हात वर राहिला आणि तोही गेला. अनुजने वेग वाढवला, सरळ तरंग्यांच्या ओळीवर.

प्रमिलाबाईंनी मनगट झटकलं. दोरी सुटली. इंजिन मेलं.

"काय केलं?" अनुज किंचाळला. त्याने हँडल पूर्ण फिरवलं, पण पाण्याचा झोत नसला की हँडल फिरवून मशीन वळत नाही. ती आपल्याच जोराने पुढे घसरत राहिली, मग सावकाश झाली. तरंगे सीटच्या बाजूला घासू लागले. खाली, हिरव्या पाण्यात, नायलॉनचं जाळं त्यांना पोटाखालून सरकताना दिसलं. इंजिन चालू असतं तर पंपाने ते एका श्वासात आत ओढलं असतं, आणि जाळ्याबरोबर जे काय गुंतलं होतं तेही.

वाऱ्याने त्यांना ढकललं. चार हात, तीन हात. रुपलीचे केस वर आले.

"धरा."

अनुजने आडवं होऊन तिच्या काखेत हात घातले आणि तिला ओढलं. ती छातीपर्यंत वर आली आणि अडली. तिचे डोळे उघडे होते.

"पाय," ती म्हणाली. "मना पाय."

प्रमिलाबाई मागच्या भागावर पालथ्या झाल्या. सुरी दातांत धरली. एक हात मशीनच्या कडेला, दुसरा पाण्यात. हात पोचेना. त्या आणखी पुढे सरकल्या. खांदा पाण्यात गेला, मग गाल, मग कान. पाण्यात कान गेल्यावर सगळा आवाज बंद झाला. त्यांना फक्त स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. बोटांना घोटा लागला. त्याच्याभोवती नायलॉन चार-पाच वेढे घट्ट बसलेलं, मांसात रुतलेलं. त्यांनी सुरी हातात घेतली. पाण्याखाली दिसत नव्हतं. पण जळालेल्या मोटरच्या आतली तार त्या तीस वर्षं न बघता बोटांनी ओळखत आल्या होत्या. वेढ्याखाली नख घालायचं, पातं उलटं धरायचं, म्हणजे कातडी कापत नाही. एक तुटला. दुसरा. नाकात पाणी गेलं, त्या वर आल्या, खोकल्या, पुन्हा गेल्या. तिसरा तुटला तशी रुपली एकदम हलकी झाली आणि अनुज तिच्यासकट मागे आदळला.

तिला दोघांमध्ये आडवं घातलं. ती श्वास घेत होती. खरखरीत, पण घेत होती. वाऱ्याने त्यांना तरंग्यांपलीकडे मोकळ्या पाण्यात नेईपर्यंत प्रमिलाबाईंनी अनुजला बटनाला हात लावू दिला नाही. कडेच्या पाण्यात वाकून पाहिलं. जाळं नव्हतं. दोरी पुन्हा जागेवर बसवली.

इंजिन फिरलं आणि पकडलं नाही.

अनुजने ॲक्सिलरेटर दाबून धरला होता. "सोडा तो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "नुसतं बटन."

पकडलं.

काठावर प्रेमराजभाऊ कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी रुपलीला उचलून घेतलं. प्रमिलाबाईंनी मनगटातली दोरी काढून अनुजच्या मनगटात घातली. "चैत्रामला आणा. जाळ्यापासून लांब राहा. त्याला तुमच्याकडे पोहत येऊ द्या." अनुजने मान हलवली आणि गेला. दहा मिनिटांत तो चैत्रामला घेऊन आला, तोवर रुपलीने पोटातलं पाणी ओकून टाकलं होतं आणि ती थंडीने कुडकुडत होती. बाहेर ऊन चाळीस अंशांचं होतं.

दवाखान्याची गाडी आली. एरंडोलच्या दवाखान्यात रुपलीला दोन दिवस ठेवलं. छातीत पाणी गेलं होतं, घोट्याला नऊ टाके पडले. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई भाकरी आणि पिठलं घेऊन गेल्या, तेव्हा ती उठून बसली होती.

"अक्का, जाळं कितलं कापं?" तिने पहिलं हेच विचारलं.

"पाहं नही मी."

"नवंच व्हतं."

चैत्राम तिच्यावर ओरडला. मग भिंतीकडे तोंड करून रडला.

शनिवारी केंद्र उघडलं नाही. अनुजने सगळ्यांना फोन करून आठवड्यानंतरची तारीख दिली. मांगीलालशेठ स्वतः दुकानावरून उठून प्रमिलाबाईंकडे आले. "पोरगा म्हणतो, तुम्ही थांबवलं नसतं तर तो बटन दाबणार होता," ते टेबलाजवळ उभ्याउभ्याच म्हणाले आणि गेले. अनुजने चैत्रामला नवं जाळं आणून दिलं. शिवाय धरणाच्या ज्या अंगाला ते जाळी टाकतात तिथे लाल डबे बांधून हद्द घातली. बोटींनी त्यापलीकडे जायचं नाही. जाळी काढायची गरज उरली नाही.

प्रमिलाबाईंचं म्हणाल तर त्या दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे टेबलावर बसल्या. पाच अश्वशक्तीच्या एका मोटरला तार गुंडाळताना वेढे मोजता मोजता आकडा हरवला. असं कधी झालं नव्हतं. तार उकलून पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली, पुन्हा आकडा हरवला. तिसऱ्यांदाही तसंच झालं. प्रेमराजभाऊंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि शेजारी येऊन बसले.

"कवयपासून?"

"सकाळपासून."

"आते भीती वाटी ऱ्हायनी?"

"आते," त्या म्हणाल्या.

चार दिवस त्यांनी वाइंडिंगला हात लावला नाही.

त्या पावसाळ्यानंतर, दिवाळीत मशीन झाकायची वेळ आली तेव्हा प्रमिलाबाईंनी अनुजला सांगितलं की यंदा ती शेडमध्ये टाकायची नाही. फेऱ्या बंद असोत, पण ती काठाशी ट्रॉलीवर तयार हवी. अनुज वनखात्याच्या कचेरीत दोनदा जाऊन आला. फक्त संकटात वापरायची आणि पंधरा दिवसांतून एकदा, दुपारी, काठाजवळच थोडा वेळ चालवून पाहायची, अशी परवानगी मिळाली.

म्हणून हिवाळ्यात दर दुसऱ्या गुरुवारी प्रमिलाबाई प्रेमराजभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसून उमरझिऱ्याला जातात. दहा मिनिटं इंजिन चालवतात, आवाज ऐकतात, बंद करतात. पहिल्या खेपेला आवाजाने सगळे पक्षी उडाले आणि प्रमिलाबाईंना वाईट वाटलं. दुसऱ्या खेपेला थोडे उडाले. डिसेंबरात काठाजवळच्या बदकांनी नुसती मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पाण्यात घातली.